आवाजाची मालकीण

“पाणी उकळून त्याला चहा म्हणायचं आणि वर मलाच नावं ठेवायची,” कुणीतरी अगदी कानाशी कुरकुरलं.

हर्षदाने मान वळवली. मिरजेतल्या त्या दवाखान्याच्या बाकावर तिच्या उजव्या हाताला एक आजी पेंगत होत्या आणि डाव्या हाताला तिची धाकटी बहीण तन्वी बसली होती. कुरकुर तन्वीची होती. चहा मात्र आसपास कुठेही नव्हता.

“कोण नावं ठेवतंय गं?” हर्षदाने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“तू नको मध्ये पडूस, ताई. आमचं चाललंय.”

आमचं म्हणजे तन्वीचं आणि त्या आवाजाचं. गेली तीन वर्षं तो आवाज त्यांच्या सांगलीच्या घरात पाहुण्यासारखा येऊन, मालकासारखा राहत होता. तो फक्त तन्वीला ऐकू यायचा, पण घर सगळं त्याच्या तालावर चालायचं. तन्वी एकेकाळी शाळेत भूगोल शिकवायची, फळ्यावर न बघता नद्या काढायची. आता ती जेवणाच्या ताटासमोर बसून कुणाची तरी परवानगी येईपर्यंत थांबायची. आणि गोळी? गोळी तर हातात दिली की तिची मूठ घट्ट मिटायची. आवाजाचा एकच हुकूम पक्का होता : गोळी घ्यायची नाही.

गोळीने गुण येत होता हे सगळ्यांना माहीत होतं. सांगलीच्या डॉक्टरांनी महिन्यातून एकदाचं इंजेक्शनही देऊन पाहिलं, पण त्याने तिची मान वाकडी व्हायला लागली. मग हर्षदाने स्थळं शोधावीत तसे डॉक्टर शोधले. एक फार चांगले होते म्हणून त्यांच्याकडे नंबर लागत नव्हता, दुसऱ्या एकांकडे नंबर लगेच लागला तेव्हाच शंका यायला हवी होती. मध्ये एक ॲपसुद्धा झालं. ते गोड आवाजात म्हणालं, “तुमच्या भावना मी समजू शकतो.” तन्वीने विचारलं, “तू कोण?” ते म्हणालं, “मी एक यंत्र आहे.” तन्वी खूप दिवसांनी हसली. म्हणाली, “निदान हा खरं बोलतो.”

शेवटी सांगलीच्या डॉक्टरांनीच सांगितलं, की मिरजेत मुजावर मॅडम आहेत, त्या आवाजाशीच बोलतात. हर्षदाला ते वाक्य असं आवडलं, की तिने घरी येईपर्यंत दोन सिग्नल तोडले.

हे तिला शोभणारं नव्हतं, कारण ती लेडीज ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. गाड्या ड्रायव्हरशिवाय आपोआप चालायला लागल्या तेव्हा सगळ्यांनी तिला दुकान गुंडाळायचा सल्ला दिला होता. पण बायका येतच राहिल्या. नवऱ्यावर आणि यंत्रावर एकाच वेळी विसंबायचं त्यांच्या जिवावर यायचं. सत्तेचाळीस वर्षांची हर्षदा त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून, पुढच्या वळणावर काय होणार हे आधीच ओळखून ओरडायची. आई गेली तेव्हा तन्वी पाच वर्षांची होती आणि हर्षदा एकोणिसाची. तेव्हापासून तिच्याही शेजारच्या सीटवर हर्षदाच होती.

तिला बहिणीसाठी उपचार हवा होताच. पण खरं सांगायचं, तर त्याहून जास्त तिला एक माणूस हवा होता. नाव, गाव, चेहरा असलेला. ज्याच्या दारात जाऊन उभं राहता येईल असा.



मुजावर मॅडम साठीच्या, ठेंगण्या, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणाऱ्या. टेबलावर एक मऊ, करडा पट्टा पडला होता, मान दुखल्यावर लावतात तसा.

“तन्वी, तुझ्या ताईला सगळं सांगितलं तर चालेल?”

“सांगा. नाहीतरी ती विचारून विचारून काढतेच.”

“हर्षदाताई, तुम्ही मनातल्या मनात यादी करता ना, कांदे, कोथिंबीर, साबण? त्या वेळी तुमचा घसा अगदी बारीक हलत असतो. बोलण्याची तयारी असते ती. आणि त्याच वेळी मेंदूचा बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला आगाऊ निरोप धाडतो : ‘आता जे येतंय ते आपलंच आहे, दचकू नकोस.’ म्हणून आपल्याला आपले विचार परके वाटत नाहीत. तन्वीच्या आजारात, सायकोसिसमध्ये, तो निरोप वाटेत हरवतो. विचार पोचतो, निरोप पोचत नाही. मग ऐकणाऱ्या भागाला वाटतं, कुणीतरी दुसराच बोलतोय. आणि दुसरा म्हटला, की मेंदू त्याला ओळखीचं नाव देऊन टाकतो.”

“म्हणजे तिचाच आवाज?”

“तिच्याच घशातून. पण ती तो ऐकते दुसऱ्याचा म्हणून. तिला ‘हा तुझाच आहे’ असं शंभर वेळा सांगून उपयोग नाही, हे तुम्ही करून बघितलंच असेल.”

हर्षदाने ते हजार वेळा करून बघितलं होतं.

“हा पट्टा घशाची ती बारीक हालचाल पकडतो आणि तिचे शब्द करतो. तुम्हा-आम्हाला तो आवाज ऐकू येतो. मग आम्ही पडद्यावर त्याला चेहरा देतो, तन्वी ज्याचा म्हणेल त्याचा. काचेमागून मी त्या चेहऱ्यातून बोलते. आधी तो आवाज जे बोलतो तेच. तन्वी समोर बसून उत्तर द्यायला शिकते. ती जशी ठाम होते, तसा मी तो चेहरा नरम करत जाते. डोक्यातल्या माणसाशी भांडता येत नाही, समोर बसलेल्याशी येतं. गोळी सुटत नाही हं. गोळी आग विझवते, आम्ही घरात घुसलेल्याला दाराबाहेर काढतो.”

तन्वीने स्वतःच पट्टा बांधून घेतला. थोडा वेळ खरखर झाली, जुन्या रेडिओसारखी. मग टेबलावरच्या यंत्रातून एक सपाट, ना बाईचा ना पुरुषाचा आवाज आला.

“किती लोळशील. चहा बघ कसला केलाय. लोक बघतायत. गोळी नको घेऊस. काही झालेलं नाही तुला. रिपोर्ट बघ. माझं ऐक, बाळा. सोड ती गोळी.”

हर्षदाच्या अंगावर काटा आला, पण भीतीचा नव्हे. ‘माझं ऐक, बाळा.’ हे शब्द आख्ख्या जयसिंगपुरात एकच बाई बोलत होती. शुभांगी मगदूम. तन्वीची पूर्वीची सासू.

“सापडली,” हर्षदा म्हणाली, आणि ते इतक्या समाधानाने म्हणाली, की मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

“हे बघा, कुणी ‘सापडलेलं’ नाही. मेंदूने त्या बाईंचं बोलणं उसनं घेतलंय, एवढंच. त्यांनी केलं म्हणून आजार झाला असा अर्थ नाही याचा.”

“मग चेहरा त्यांचाच लागणार ना?”

“तन्वी?”

“त्या आईच आहेत,” तन्वी म्हणाली. सासूला ती अजूनही आईच म्हणायची. “दुसरं कुणी बसवलंत, तर मी कुणाशी बोलू?”

मॅडमनी उसासा टाकला. खोट्या व्हिडिओंनी निवडणुका आणि लग्नं मोडायला लागल्यापासून कायदा कडक झाला होता. जिवंत माणसाचा चेहरा आणि आवाज त्याच्या होकाराशिवाय कुणाला वापरता येत नव्हता, डॉक्टरलाही नाही. होकार तोंडी द्यायचा, इथे येऊन, यंत्रासमोर बसून. आणि आपल्या तोंडी काय काय घातलं जाणार ते आधी ऐकून घ्यायचं.

“सगळं ऐकून घ्यावं लागतं?” हर्षदाने विचारलं.

“सगळं. मी त्यांना फोन करते. हे नाजूक काम असतं.”

“तुम्ही कशाला त्रास घेता, मॅडम,” हर्षदा म्हणाली. “मी जाते की.”

आणि टेबलाखाली धरलेल्या फोनवर तिने तो सपाट आवाज भरून घेतला होता, हे तिने सांगितलं नाही.



तीन वर्षांपूर्वीची ती दुपार हर्षदाच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. ती एका बाईला गाडी मागे घ्यायला शिकवत होती. समोर मगदुमांची गाडी येऊन थांबली. तन्वीचा नवरा अभिनंदन उतरला, तन्वीला उतरवलं, तिच्या पायाशी बॅग ठेवली. तन्वीने स्वेटर उलटा घातला होता. “बरी झाली की न्यायला येतो,” तो म्हणाला. मागच्या सीटवर शुभांगीबाई बसल्या होत्या. हर्षदा धावत गेली, काचेवर हात मारला. बाईंनी समोर बघितलं. काच खाली झाली नाही. पुढे अभिनंदन आला नाही, वकिलाचा निरोप आला.

काच खाली झाली नाही, हे हर्षदा कुणालाही सांगायची. भाजीवाल्या बाईला, शिकायला येणाऱ्या बायकांना. “हसत्याखेळत्या पोरीच्या गोळ्या बंद केल्या यांनी, आणि बिघडली तशी कचऱ्यासारखी आणून टाकली.”

ऐकणाऱ्या बायका च् च् करायच्या. कसल्या गोळ्या, हे कुणी विचारायचं नाही, आणि विचारलंच, तर हर्षदा ‘रोजच्या’ म्हणायची.

कारण त्याची एक वेगळी गोष्ट होती, आणि ती घरातल्या तिघांतही कधी बोलली जात नव्हती. तन्वी पहिल्यांदा आजारी पडली ती कॉलेजात. भिंतीतून बोलणं ऐकू यायचं. गोळ्यांनी वर्षभरात सावरली, शिकली, नोकरीला लागली. मग मगदुमांचं स्थळ आलं. चांगलं घर, मुलगा समंजस, तन्वीला आवडलेला. त्यांचे वडील, अण्णा, म्हणाले, “सांगितलं तर उभं राहील का कुणी दारात?” हर्षदाला स्वतःला थायरॉईड होता. तिने आपली गोळ्यांची रिकामी डबी धुतली, पुसली आणि तन्वीच्या बारीक पांढऱ्या गोळ्या तिच्यात भरल्या. हल्ली कोणत्या मुलीला थायरॉईड नसतो? कुणी भुवईसुद्धा उचलली नाही.

जुना काळ असता, तर ती डबी जन्मभर चालली असती. पण मगदुमांच्या स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी रक्त तपासायचं यंत्र होतं. बोट टोचलं की भाजी चिरून होईपर्यंत अंगातलं सगळं सांगणारं. लग्नाला वर्ष झालं, तन्वीला मूल हवंसं झालं, आणि शुभांगीबाईंनी कौतुकाने सुनेचं बोट टोचलं. यंत्र म्हणालं, थायरॉईड अगदी उत्तम. दोनदा तपासलं, दोन्ही वेळा उत्तम. मग बाई म्हणाल्या, कशाला पोटात उगाच औषध, अशा दिवसांत? सोड ती गोळी.

तन्वीने सोडली. तिला तर खरं माहीत होतं, पण सांगायचं कुठल्या तोंडाने?

हर्षदाच्या हिशेबात मात्र त्या गोष्टीचा शेवट तेवढा उरला होता, सुरुवात गळून गेली होती. माणसाने रोज तेच तेच सांगितलं, की ते गुळगुळीत होतं आणि त्याच्यातले नको ते कोपरे आपोआप झिजतात.



जयसिंगपूरला जायचा दिवस तिने बघूनच निवडला. अभिनंदनच्या दुसऱ्या बायकोचं, श्रुतीचं, त्या दिवशी डोहाळजेवण होतं. अंगणात फुलांचा झोपाळा, त्यावर फुलांचेच दागिने घातलेली श्रुती, समोर पन्नासेक बायका. हर्षदाने ठेवणीतली पैठणी नेसली होती आणि हातात ओटीचं सामान नेलं होतं. शत्रूकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, असं तिचं मत होतं.

शुभांगीबाई तिला बघून उठल्या, मग बसल्या, मग परत उठल्या.

“या… हर्षदाताई. या की.”

“येणारच, काकू. तुम्ही बोलावलं नाहीत म्हणून काय झालं?” हर्षदाने श्रुतीची ओटी भरली. पोटुशीला लागेल असा एक शब्द बोलायचा नाही, एवढं तिने येतानाच ठरवलं होतं. “श्रुती, बाळा, तू जरा आत जाऊन बस.”

“मी का आत जाऊ?” श्रुती झोपाळ्यावरूनच म्हणाली. “या घरात आधी काय झालं ते मला कुणी धड सांगत नाही. आज कळत असलं, तर कळू दे.”

“बरं तर.” हर्षदा बायकांकडे वळली. “माझ्या बहिणीला आवाज ऐकू येतो. तो तिला खाऊ देत नाही, झोपू देत नाही. आता यंत्राने तो सगळ्यांना ऐकवता येतो. कुणाचा आहे ते तुम्हीच ओळखा.”

तिने फोन वर धरला. सपाट आवाज अंगणात पसरला. किती लोळशील. चहा बघ कसला केलाय. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. माझं ऐक, बाळा. आणि कुणीतरी मागून फस्सकन हसलं, कारण ते शब्द जयसिंगपुरात इतके ठाऊक होते, की पोरं नक्कल करायची. ‘सोड ती गोळी’ या शब्दांनंतर मात्र कुणी हसलं नाही. शुभांगीबाईंचा हात पदराशी गेला आणि तिथेच राहिला.

हर्षदाने तीन वर्षं ज्याची वाट बघितली तो क्षण हाच. तिला वाटलं होतं, बाई चिडतील, नाही म्हणतील, ‘काहीतरीच’ म्हणतील. मग ती काचेची गोष्ट काढणार होती. ती तोंडपाठ होती.

“शेवटचं माझंच आहे,” शुभांगीबाई म्हणाल्या. “बाकीचं… चहाचंही असेल. मला बोलायची खोड आहे. पण शेवटचं नक्की माझं. सोड ती गोळी, असं मी म्हटलं होतं. याच जागी, केस विंचरता विंचरता.”

“मग कबूल आहे ना?”

“कबूल आहे. पण मायेनं म्हटलं होतं गं. यंत्रावर सगळं उत्तम होतं.” त्या दोन पावलं पुढे आल्या. “तीन वर्षं मी स्वतःला एकच विचारतेय, हर्षदाताई. थायरॉईड नव्हता, तर त्या गोळ्या कसल्या होत्या?”

पन्नास बायका हर्षदाकडे बघत होत्या. झोपाळ्यावरची श्रुतीही.

“तुम्ही होकार द्यायला मिरजेला येणार की नाही, तेवढं सांगा,” हर्षदा म्हणाली. “माझी बहीण मरायला टेकलीय आणि तुम्हाला चौकशा सुचतायत!”

आणि ती निघाली. ताठ मानेने निघाली, पण फाटकाबाहेर आल्यावर आपली गाडी कुठे लावली ते तिला बराच वेळ आठवेना.



मुजावर मॅडमच्या कानावर सगळं गेलंच. जयसिंगपूर ते मिरज अंतर ते किती. त्यांनी हर्षदाला खोलीत बोलावून दार लावलं.

“माझ्या पेशंटच्या डोक्यातलं तुम्ही डोहाळजेवणात वाजवलंत. तन्वीची गरज नसती, तर मी तुम्हाला या इमारतीत पाय ठेवू दिला नसता.”

“चुकलं.”

“तुम्हाला चुकलंय असं वाटत नाही, ते दिसतंय. आता नीट ऐका. समोरच्या चेहऱ्याला तन्वीने उत्तर द्यायचं असतं. ते उत्तर खरं लागतं. आपण पढवलेलं खोटं उत्तर चालत नाही, कारण तो आवाज तिच्याच डोक्यात राहतो. तिला जे माहीत आहे, ते सगळं त्याला माहीत आहे. त्याला फसवता येत नाही.” मॅडमनी फाइल पुढे ओढली. “काही सांगायचं आहे तुम्हाला? तिच्या आधीच्या औषधांबद्दल?”

“सगळं फाइलमध्ये आहे,” हर्षदा म्हणाली.

फाइल लग्नानंतरच्या वर्षापासून सुरू होत होती.

घरी तन्वीचं खाणं आणखी कमी झालं होतं. पाणी देतानाही हर्षदाला आधी घोट घेऊन दाखवावा लागायचा. मनगट इतकं बारीक झालं होतं, की घड्याळ कोपरापर्यंत चढायचं. अण्णा, वय शहात्तर, नातवंडांच्या वयाच्या मुलांना बुद्धिबळ शिकवणारा माणूस, दारात उभे राहून तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, “आज जरा बरं नाहीये का?” त्यांच्या घरात त्या आजाराचं नावच ‘बरं नसणं’ होतं. दुसरं नाव कुणी घेतलं नव्हतं.

शुभांगीबाईंचा फोन आला : गुरुवारी येते. हर्षदाने अण्णांना सांगितलं.

“त्या काही विचारतील,” अण्णा म्हणाले.

“विचारू दे.”

“त्या स्वतःहून दोष पत्करतायत ना? मग पत्करू दे की. आपण कशाला…” त्यांनी सोंगटी उचलली आणि पटावर दुसरीकडेच ठेवली. “फारच झालं, तर व्हिटॅमिनच्या होत्या म्हणायचं.”

“हो,” हर्षदा म्हणाली. तन्वी आतल्या खोलीत होती, दार उघडं होतं.



गुरुवारी शुभांगीबाई एकट्याच आल्या, बसने. आपल्या तोंडी घातलं जाणार ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये एकदाच पाणी मागितलं. यंत्रासमोर बसून म्हणाल्या, “मी शुभांगी मगदूम. माझा चेहरा आणि आवाज तन्वीच्या उपचारासाठी वापरायला माझा होकार आहे.” मग त्या उठून हर्षदासमोर आल्या.

“त्या दिवशी काच खाली केली असती, तर मी तिला परत घेऊन गेले असते, हर्षदाताई. अभिनंदनने बजावून ठेवलं होतं. म्हणून बघितलंच नाही मी. माझ्यामुळेच झालं हे. गोळी मी सोडायला लावली.” आणि भर दवाखान्यात, अण्णांच्या देखत, त्या हर्षदापुढे वाकल्या.

झालं. जे हवं होतं ते सगळं मिळालं. काच खाली आली, मान खाली गेली, कबुली मिळाली. हर्षदाला वाटलं होतं, आता पोटात गार गार वाटेल. वाटलंही, थोडंसं. पण तोंडाला चव आली ती उष्टं खाल्ल्यासारखी.

“उठा, काकू,” ती म्हणाली.

पहिल्या बैठकीला चेहरा देणाऱ्याने हजर राहायचं असा नियम होता. तन्वी पडद्यासमोर बसली. तिच्या मागे भिंतीशी तीन खुर्च्या : अण्णा, हर्षदा, शुभांगीबाई. काचेमागे मुजावर मॅडम. समोर टेबलावर एक गोळी आणि पाण्याचा पेला. मॅडमनी हर्षदाच्या हातात एक छोटं बटण दिलं. तन्वीला असह्य झालं असं वाटलं, तर दाबायचं, पडदा लगेच बंद होईल. घरच्यांना तिचा चेहरा वाचता येतो, म्हणून बटण घरच्यांकडे.

पडद्यावर शुभांगीबाई आल्या. आता आवाजही त्यांचाच होता. खऱ्या शुभांगीबाईंनी खुर्चीची कड धरली.

“चहा कसला केलास गं?” पडदा म्हणाला.

तन्वी घोगऱ्या आवाजात म्हणाली, “मला आवडतो तसा.”

“किती लोळशील?”

“मला बरं वाटेपर्यंत.” आता ती सरळ बसली होती. कित्येक महिन्यांत हर्षदाने बहिणीला असं उलट बोलताना ऐकलं नव्हतं.

“गोळी नको घेऊस.”

“घेणार. मला… थायरॉईड आहे.”

“कुठे आहे? रिपोर्ट बघ. सगळं उत्तम आहे. माझं ऐक, बाळा. सोड ती गोळी.”

तन्वीचे खांदे आत गेले. नखं तळव्यात रुतली.

“मग… मग शक्तीची आहे.”

“रिपोर्टमध्ये शक्तीचंही उत्तम आहे. तुला काहीच झालेलं नाही. मग कशाला घेतेस?”

तन्वी घामाघूम झाली होती. ती गोळीकडे बघत होती आणि तिची मान अगदी हळू नकारार्थी हलायला लागली होती. अण्णा ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होते. हर्षदाला शब्द ऐकू आले नाहीत, पण ते ‘व्हिटॅमिन’ होतं हे तिला कळलं. दुसऱ्या बाजूने शुभांगीबाई पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत होत्या.

पुढच्या वळणावर काय आहे ते हर्षदाला लख्ख दिसलं. त्या प्रश्नाला उत्तर एकच होतं आणि ते तन्वीच्या जिभेवर येऊन थांबलं होतं. बटण दाबलं, की पडदा विझणार. सगळे म्हणणार, बिचारीला झेपलं नाही. शुभांगीबाई जन्मभर दोषी राहणार. तीन वर्षांची काच, कचरा, हसतीखेळती पोर, सगळं जागच्या जागी राहणार. आणि गोळी टेबलावर राहणार.

“कशाला घेतेस?” पडदा मायेने म्हणाला. “बाळा, सांग की.”

हर्षदाचा अंगठा बटणावर होता. तन्वीने मागे वळून तिच्याकडे बघितलं. लहानपणी सायकलवरून बघायची तसं, ताई धरून आहे ना, हे पाहायला. हर्षदाने बटण अण्णांच्या खुर्चीखाली, हात पोचणार नाही इतक्या लांब सरकवून दिलं आणि दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले.

तन्वीने ते हात पाहिले. मग ती पडद्याकडे वळली, पण पडद्याशी बोलली नाही. खुर्ची फिरवून भिंतीशी बसलेल्या शुभांगीबाईंसमोर आली, आणि वर्गात शिकवायची त्या स्वच्छ आवाजात म्हणाली,

“थायरॉईड मला कधी नव्हताच, आई. मला वेड आहे. लग्नाच्या आधीपासून आहे. ताईला माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आम्ही तिघांनी मिळून ते तुमच्यापासून लपवलं. ही वेडाची गोळी आहे. म्हणून मी ती घेतेय.”